चकलांब्याचे स्विस सर

चकलांब्याच्या एकाही माणसानं स्वित्झर्लंड पाहिलेलं नाही. तरी त्या देशावरून आमच्या गावात जेवढी भांडणं झाली, तेवढी बांधावरून झाली नसतील. आणि ती सगळी मी ऐकलीत, कारण माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आणि गावातलं चहाचं हॉटेल यांच्यात एक पत्रा तेवढा होता. माझ्या मशीनचा आवाज तिकडं जायचा, त्यांची बडबड इकडं यायची. सौदा काही बरोबरीचा नव्हता, पण सांगता कुणाला.

भांडणाचं मूळ म्हणजे वैजनाथ सर. बीडच्या आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवण्यात जन्म गेला, रिटायर झाले आणि गावी परत आले. उंच, वाळलेले, पँटीची इस्त्री अशी की सुरीनं रेघ मारावी. शर्टाच्या खिशात एक पेन आणि पेनाशेजारी बोटभर लांब कानस. लोखंड घासायची ती कानस, पण अगदी बारीक, उदबत्तीएवढी. फिटर लोक बारीक कामाच्या कानशीला स्विस कानसच म्हणतात म्हणे. सरांची मात्र खरोखर तिकडून आलेली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या वस्तादांनी दिली होती, आणि इतकी वर्षं वापरून तिचे दात बोथटले नव्हते. अशी कानस करणारी माणसं कशी असतील, या विचारात सर पडले ते बाहेर आलेच नाहीत. पुस्तकं आणली, कात्रणं जमवली, पुढं मोबाईल आला तर त्यावर वाचत बसले. गावानं त्यांचं नाव स्विस सर ठेवलं आणि ते त्यांनी पद्मश्री मिळाल्यासारखं घेतलं.

लोखंडाची कुठलीही वस्तू दिसली की सर तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. “धार राहिलीय,” असं पुटपुटायचे, कानस काढायची आणि घासायला बसायचं. हॉटेलातल्या बाकड्याचे खिळे त्यांनी घासले. मारुतीच्या देवळाच्या फाटकाची कडी घासली. माझी कात्री तर दर पंधरा दिवसांनी मागून न्यायचे. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. सगळे पोहे खातायत, बोलणी चाललीत, आणि हे आपले ताटलीची कड घासतायत. मुलीच्या आईनं आत जाऊन सांगितलं की माणसं जरा येडी हायेत पण निर्मळ हायेत. लग्न जमलं. ती सून आजही सांगते की माहेरात फक्त तेवढी एक ताटली हाताला बोचत नाही.

मापाचंही तसंच. एकदा सरांनी बायकोचं ब्लाऊज न्यायला येताना खिशातून व्हर्नियर, म्हणजे लोखंडाचं बारीक माप घ्यायचं हत्यार, काढला आणि माझ्या शिलाईचं अंतर मोजलं. म्हणाले, वहिनी, डाव्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे. मी म्हटलं, सर, हे ब्लाऊज आहे, बंदूक नाही. घ्या आणि चालायला लागा. ते गेले. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप माझ्या मशीनची पट्टी सरळ करून घेतली, कारण मेली खरंच वाकडी होती.

आता भांडायला दुसरा माणूस लागतो. तो होता रामकिसन मुकादम, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. ऊसतोडीची टोळी घेऊन दर वर्षी दिवाळी झाली की कर्नाटकाकडं जायचे आणि उन्हं तापायला लागली की परत यायचे. आवाज असा, की घराच्या दारात बोलले तर वेशीत कळायचं. सर आणि आबा शाळेत एका बाकावर होते. आबा सातवीत गटांगळी खाऊन बाहेर पडले, सर शिकत गेले, आणि त्या एका बाकाच्या हक्कावर आबा त्यांना चारचौघांत ‘बे’ म्हणायचे. सरांना ‘बे’ म्हणणारा गावात तेवढा एकच माणूस उरला होता.

आबांचं म्हणणं असं, की त्या लोकांनी शोध लावलाच काय? चाकूला पेचकस लावला, झालं. सर समजावून सांगायचे की तो चाकू सैनिकासाठी होता, त्यानंच खाण्याचा डबा उघडायचा आणि त्यानंच बंदूक खोलायची, आख्खं वर्कशॉप एका खिशात. आबा म्हणाले, आमच्या घरची इळी बघ. भाजी चिरते, नारळ खवते, वरून बायकोला बसायला पाट देते. तुझ्या चाकूवर बसून दाखव. सगळं हॉटेल हसलं. सर हसले नाहीत. ते विचार करत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा यायच्या आधी म्हणाले, “रामकिसन, इळी खिशात मावत न्हाई.” एवढं एक वाक्य आणायला माणसाला आख्खी रात्र लागली होती.

तो पारदर्शक कागद असतो ना, उदबत्तीच्या पुड्याला गुंडाळलेला, चुरचुर वाजणारा? तोही एका स्विस माणसानं काढला. हॉटेलात टेबलावरच्या कापडावर कुणाची तरी वाइन सांडली, ते बघून त्याच्या डोक्यात आलं की न भिजणारं कापड का नसावं. हे सर रंगून सांगत होते. आबा म्हणाले, आपल्याकडं दारू सांडली तर भांडण लागतं, शोध लागत न्हाई. मग सरांनी आगगाडीचा बोगदा काढला. जगातला सगळ्यात लांब, डोंगराच्या बुडातून. आबा म्हणाले, डोंगर पोखरला आन उंदीर काढला. सर म्हणाले, उंदीर नाही, रेल्वे काढली, आणि वेळेवर काढली. बीडकरांच्या तर पिढ्या रेल्वेची वाट बघण्यात गेल्या. त्या दिवशी सगळ्यांच्या चहाचे पैसे आबांना द्यावे लागले.

एकदा मात्र आबा वैतागून बोलले. “परक्याची आरती कावून ओवाळतो बे तू? आपल्या मातीत काय कमी हाय?”

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “रामकिसन, त्या मुलखात एके काळी दगडाबिगर काय नव्हतं. समुद्र न्हाई, कोळसा न्हाई, काळी माती न्हाई. तिथली माणसं पोटासाठी दुसऱ्याच्या लढाया लढायला जायची. टोळ्या करून. त्यांचे पण मुकादम असायचे. मग हळूहळू घरीच बसून बारीक कामं करायला लागली. मला त्यांची आरती न्हाई ओवाळायची बे. मला ती आपल्यासारखी दिसतात, एवढंच.”

मी मशीनवरचा पाय थांबवला होता. मग बशीत चहा ओतल्याचा आवाज आला आणि आबा म्हणाले की मुकादम होते म्हणजे लोक हुशार असणारच.

सरांनी कधी सांगितलं नाही, पण माझ्या सासूबाईंकडून मला ठाऊक होतं. सरांची आई ऊस तोडायची. तिसरीत मामानं शाळेसाठी ठेवून घेईपर्यंत सर फडाच्या कडेला, पाचटाच्या झोपडीत वाढले होते.

आता सिंधूचं सांगते. सिंधू आबांच्या टोळीत, नवऱ्याबरोबर जाणारी. तिशीतली, अंगानं काटकुळी, बोलायला कमी. दसऱ्याच्या पुढंमागं टोळीतल्या बाया माझ्याकडं नवऱ्यांचे जुने शर्ट घेऊन यायच्या. उसाचं पान म्हणजे करवत, हात सोलून काढतं. म्हणून साडीवर पूर्ण बाहीचा शर्ट घालतात. पण पुरुषाचा शर्ट बाईच्या मनगटाला ढगळ होतो. बटण लावलं तरी फट राहते, त्यातून पान आत शिरतं, आणि बटण तरी किती दिवस टिकणार? मी सिंधूला विचारलं की मग करता काय? ती म्हणाली, सुतळी बांधतो. एका हातानं सुतळीचं टोक धरायचं आणि दुसरं दातानं ओढायचं. पहाटेची थंडी, सुतळी दवानं ओली. पुढचे दोन दात हलायला लागलेत, म्हणून भाकरी आता कडेनं खाते. हे सगळं तिनं अशा आवाजात सांगितलं की जणू सुतळीचा भाव सांगतेय.

सर माझी कात्री परत द्यायला आले होते आणि दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. कात्री माझ्या हातात न देता तशीच घेऊन निघून गेले. माझा दिवसभराचा खोळंबा झाला, तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी गेवराईहून आले ते पिशवी घेऊन. पिशवीत चिकटपट्टीचं आख्खं बंडल. सँडलला असते ती, एका बाजूला मऊ, दुसऱ्या बाजूला हुकासारखे बारीक आकडे, ओढली की चर्रर्र वाजते. एका हातानं लागते, एका हातानं निघते, दातांचं काम नाही. आणि ही पट्टी कुणी काढली, हे मी तुम्हांला सांगायला पाहिजे का?

त्या दिवशी हॉटेलात सभाच भरली. सरांनी गोष्ट सांगितली की तिकडचा एक इंजिनियर कुत्रा घेऊन डोंगरात हिंडायला गेला. घरी येऊन बघतो तर कुत्र्याच्या केसांत आणि स्वतःच्या पँटीला ती काटेरी बोंडं चिकटलेली, शेळ्यांच्या अंगाला गुंततात ती, आपण गोखरू म्हणतो तसली. त्यानं भिंगाखाली एक बोंड धरलं, तर प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक आकडा. त्यावरून ही पट्टी.

आबा उखडले. गोखरू आपल्या बांधावर, पिढ्यान् पिढ्या आपल्या धोतराला चिकटतंय, आणि शोध त्यांचा कसा?

“आपण काढून फेकलं,” सर म्हणाले. “त्यानं काढून बघितलं.”

हे वाक्य आबांना फार लागलं. लागलं की आबा पैज मारतात. त्यांनी तिथंच मांडी ठोकून सांगितलं की ही पट्टी अकरा बायांच्या शर्टांना लावा. संक्रांतीपर्यंत टिकली, तर पुढच्या वर्षी टोळीतल्या सगळ्यांचे शर्ट आबा स्वतः करून देणार. नाही टिकली, तर सरांनी पुन्हा आयुष्यात स्विस हा शब्द तोंडातून काढायचा नाही. सरांनी कानस काढली, पुन्हा खिशात ठेवली, आणि हो म्हणाले.

मला कुणी विचारलं? अकरा शर्टांच्या बावीस बाह्या, जाड पट्टी, त्यात सर शेजारी मोजपट्टी धरून उभे. दोन सुया मोडल्या. एका कफासाठी त्यांनी मला तीनदा उसवायला लावलं. मी म्हटलं, सर, ह्या बाया उसाला चालल्यात, लग्नाला नाही. तर म्हणाले, “वहिनी, लग्नाला चालल्या असत्या तर मी बोललोच नसतो.” मी पुन्हा उसवलं.

मग सरांनी परीक्षा घेतली. हॉटेलात बसून एकच कफ पाचशे वेळा उघडला आणि मिटला. चर्र, चर्र, चर्र. माझं डोकं उठलं. पट्टी पाण्यात बुडवली, धुळीत लोळवली, चुन्यात घातली, तेलात घातली. टोळीतल्या माणसांना बोलावून विचारलं की फडात आणखी काय काय असतं? त्यांनी दव सांगितलं, चिखल सांगितला, मळी सांगितली. आणि सगळे मिळून एक गोष्ट विसरले. उसाच्या पानाला आणि देठाला बारीक पांढरी कूस असते. डोळ्यांना दिसत नाही पण अंगाला डसते, खाजवून खाजवून जीव जातो. ज्यांनी जन्मभर ती कूस अंगावर घेतली, त्यांच्यापैकी एकालाही ती आठवली नाही. भाकरीबरोबर पाणी पितो हे कुणी सांगतं का, तशातली गत. सरही त्याच पाचटात वाढलेले, त्यांनाही नाही आठवली.

टोळी जाऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी हॉटेलात सरांचा मोबाईल वाजला. आबांचा आवाज मला पत्र्याआडून स्वच्छ ऐकू आला. म्हणाले, आता मी एक कफ ओढतो, ऐक. मग काहीच नाही. आबा म्हणाले, “ऐकलं? कायबी आवाज न्हाई. आकड्यात कूस बसली बे. दहा बायांनी सुतळ्या बांधल्या परत.”

सर म्हणाले, “हरलो.” फोन ठेवला, चहा तसाच ठेवला आणि घरी गेले.

आणि त्या माणसानं शब्द पाळला हो. आठवडाभर लोकांनी मजा घेतली. कुणी विचारलं की सर, चॉकलेट दुधाचं कुणी केलं? सर म्हणायचे, दुकानदारानं. घड्याळ सगळ्यात चांगलं कुठलं? वेळ दाखवतं ते. खिळे घासायचे, कड्या घासायचे, पण गप्प. मग लोकांनी विचारायचंही सोडलं. मला इतकी वर्षं वाटायचं की हा पत्रा जरा जाड असता तर बरं झालं असतं. आता पलीकडून नुसते कपबशांचे आवाज यायचे, आणि माझं कामात मन लागेना. खोटं कशाला बोलू, त्या माणसाचं बोलणं बंद झाल्याचं मला वाईट वाटत होतं, आणि त्या अकरा शर्टांत माझाही हात होता म्हणून जास्तच वाटत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आबा आले. पहिले दोन दिवस त्यांनी जिंकल्याचा डंका पिटला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की समोरून कुणी काही बोलतच नाही. मग त्यांनी मुद्दाम खोड्या काढायला सुरुवात केली. घड्याळ चिनी माणसानं काढलं म्हणाले, बोगदा जपानचा लांब म्हणाले. सरांच्या मानेची शीर ताठ व्हायची, ओठ हलायचे, पण शब्द नाही. शेवटी तर आबाच मोबाईलवर वाचून त्या देशाची बाजू घ्यायला लागले. एक दिवस भर हॉटेलात सांगितलं की लसूण ठेचायचा दाबा त्या लोकांनी काढला, लई हुशार लोक. सर चहा प्यायले आणि उठून गेले.

आबा माझ्या दारात आले. एवढा मोठा माणूस, टोपी हातात. “वहिनी, कायतरी करा. ह्यो गप बसला तर मला चहा गोड लागंना.” मी म्हटलं, पैज माफ करून टाका. ते म्हणाले, तीनदा केली, घेत न्हाई. म्हणतो शब्द म्हंजे शब्द. मी म्हटलं, मग भोगा आता, पैज मारताना मला विचारलं होतं का? पण त्यांचं तोंड बघून नंतर मलाच कसंतरी झालं.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. दसऱ्याच्या आधी सिंधू आपला शर्ट घेऊन आली. पाठीवर उसवला होता. मी तो हातात घेतला, बाही सरळ केली, सवयीनं कफ ओढला आणि माझ्या हातात चर्रर्र वाजला. पुन्हा लावला, पुन्हा ओढला. नव्यासारखा. मी विचारलं की सिंधू, हा घातलाच नाहीस का? ती म्हणाली, काकू, आख्खा सीझन घातला, कारखाना बंद होऊन पट्टा पडंस्तोवर. मग हा चांगला कसा राहिला? तर म्हणाली, कूस बसायची की. रोज संध्याकाळी पाणी तापंस्तोवर लेकीच्या डोक्यातल्या लिखा काढायची फणी घेऊन पट्टी विंचरायची. दोन मिनटाचं काम. केसातून निघतं ते पट्टीतून निघायला काय झालं?

मी म्हटलं, बाई, मग हे मुकादमाला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, त्यांची पैज लागलेली, मला कुणी काय विचारलंच न्हाई.

मी मशीन बंद केलं, सिंधूचा हात धरला आणि पत्र्याला वळसा घालून हॉटेलात गेले. वीस वर्षं त्या हॉटेलाशेजारी काढली, पण आत पाऊल पहिल्यांदा टाकलं. बाया तिथं बसत नाहीत. बसणारे सगळे आमच्याकडं बघायला लागले. मी सरांच्या पुढ्यात शर्ट ठेवला, कफ ओढून दाखवला, आणि सिंधूला सांगायला लावलं.

मग जे झालं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले की पट्टी संक्रांतीपर्यंत काय, उन्हाळ्यापर्यंत टिकली, म्हणजे सर जिंकले, स्विस जिंकलं. सर म्हणाले, नाही. अकरातल्या दहा गेल्या. एक टिकली ती फणीमुळं, पट्टीमुळं नाही, म्हणून मी हरलोच. आबा म्हणाले, चारा खाऊन बैल चालला, तर बैल चाललाच न्हाई असं म्हणशील का? मशीनला तेल लागतं, पट्टीला फणी लागती. सर म्हणाले, पैजेत फणी नव्हती. आबा म्हणाले, पैजेत फणी न्हाई असंबी कुठं ठरलं होतं? जिंकलेला माणूस घसा फोडून सांगतोय की मी हरलो, आणि हरलेला माणूस ऐकायला तयार नाही. अर्धा तास चाललं. लोक रस्त्यावरून आत यायला लागले.

शेवटी सिंधूच बोलली. हळूच बोलली, पण सगळे थांबले.

“सर, तुमचं जिंकलं का हरलं ते तुमी बघा. मला यंदा एक दिवस दात लावावा लागला न्हाई. तुमी बोलत जा बरं.”

सरांनी तिच्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. उठून बाहेर नळावर गेले, बराच वेळ तोंड धूत उभे राहिले. परत येऊन बसले, रुमालानं तोंड पुसलं, पँटीची घडी नीट केली.

“रामकिसन,” ते म्हणाले, “लसणाच्या दाब्याबद्दल तू उन्हाळ्यात बोललास, त्यात तीन चुका होत्या.”

आणि सुरू झाले. त्या स्विस माणसानं दाबा काढताना काय विचार केला असेल, इथपासून. उन्हाळ्यापासून आबा जे जे चुकीचं बोलले होते ते सगळं त्या माणसानं डोक्यात ओळीनं लावून ठेवलेलं होतं. एकेक काढून खोडायला लागले. चिनी घड्याळ झालं, जपानी बोगदा झाला. आबा मध्येमध्ये ‘न्हाई बे, कसं काय बे’ करत होते, पण आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. मी सिंधूला चहा पाजला आणि स्वतःही तिथंच बसून प्यायले.

आबांनी आपला शब्द पाळला. त्या वर्षी टोळीतल्या सगळ्यांचे शर्ट मी शिवले, प्रत्येकाच्या कफाला पट्टी आणि खिशाच्या आत फणीसाठी एक अरुंद कप्पा. कप्प्याचं माप सरांनी व्हर्नियरनं दिलं आणि मी ते जसंच्या तसं शिवलं. बायांना पट्टी कशी विंचरायची ते सिंधूनं शिकवलं. ओट्यावर बसून ती दाखवत होती आणि बाया तिला घेरून बसल्या होत्या. सर लांबून बघत होते. जवळ गेले नाहीत, एक शब्द मध्ये बोलले नाहीत. त्यांना असं गप्प बसता येतं, हे मला तेव्हा कळलं.

दिवाळी झाल्यावर टोळी निघाली. मला तो दिवस जास्त आठवतो, कारण पुढच्या आठवड्यात मुलगा मला कायमचं पुण्याला घेऊन गेला आणि त्यानंतर मी सरांना पाहिलं नाही. दुपारची वेळ. ट्रक भरला होता, भांडीकुंडी, कोयते, शेळ्या, पोरं, सगळं. पाठीमागं बाया दाटीनं बसलेल्या, आणि कफ लावायचे-काढायचे चर्र चर्र आवाज येत होते, नवीन वस्तूचा खेळ. आबा पुढं ड्रायव्हरशेजारी, खिडकीतून बाहेर डोकं काढून. सर खाली खिडकीला धरून उभे. नवा वाद निघाला होता. आबांचं म्हणणं, फणीवाली पट्टी आता बीडची झाली, स्विस लोकांचा हिच्यावर काही हक्क नाही. सर म्हणत होते, असं एकदम म्हणता येत नाही, याचे दोन भाग पडतात. पहिला भाग सांगून झाला तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी सोडली.

सर खिडकी धरून चालायला लागले. मग पळायला लागले, इस्त्रीची पँट आणि हातवारे करत. वळणावर हात सुटला. ट्रक डांबरी रस्त्याला लागला आणि निघून गेला. सर रस्त्याच्या मधोमध उभे, बोट वर केलेलं, दुसरा भाग तोंडातच. माझ्याकडं वळून बघितलं. मी दुकानाच्या पायरीवर होते. मी म्हटलं, सर, माझ्याकडं बघू नका, मला सामान बांधायचंय.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी तो कानाला लावायच्या आधीच आबांचा आवाज मला पायरीपर्यंत आला.

“हां, बोल आता दुसरा भाग. पोचायला लई टाइम हाय.”

सरांनी फोन कानाला लावला आणि बोलायला लागले. बोलता बोलता, ट्रक गेला त्याच रस्त्यानं, त्याच्या मागं चालत निघाले.